लाखमोलाचे रिव्हॉल्व्हर आणि तारापूरचा खारा वारा

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर विक्रीस काढले, तेव्हा ते दागिन्याच्या डब्यासारख्या गडद लाल पेटीत घालून देत असत. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, बोअर .३२ आणि किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झालेला. एवढे पैसे मोजून ते पर्समध्ये बाळगणार कोण, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले, आणि ते रास्तच होते. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र फारसा कोणी विचारीत नाही. रिव्हॉल्व्हरला लाखभर रुपये पडतात ते नेमके कशाचे? आणि एवढ्या किमतीची वस्तू घरात आल्यावर तिचे काय होते?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शस्त्रांशी माझा संबंध पोवाड्यांतील वीररसापुरता, आणि फार तर गावच्या वाचनालयातील बाबूराव अर्नाळकरांच्या जीर्ण रहस्यकथांपुरता. आमच्याच जिल्ह्यातल्या अर्नाळ्याचे नाव लेखणीला लावणाऱ्या या गृहस्थांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळापहाड ही नावे घरोघर नेली. तसल्या पुस्तकांतले आणि पुढे पडद्यावरचे रिव्हॉल्व्हर कधी गंजत नाही, कधी बिघडत नाही. खरे रिव्हॉल्व्हर कसे बिघडते, हे मला कळले ते तारापूरच्या एका स्नेह्यांमुळे.

तारापूरला गोळीबार नवा नाही. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने येथला पोर्तुगीजांचा किल्ला सुरुंग लावून घेतला, त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या काळची बंदूक ठासणीची. एक बार काढला की दुसऱ्यासाठी पुन्हा दारू भरा, गोळी ठासा. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतले ते या अडचणीवर. पाचसहा बार एका फिरत्या चक्रात आधीच भरून ठेवायचे, आणि घोडा ओढताच पुढचा बार आपोआप नळीसमोर यायचा. युक्ती सोपी दिसते. सारी मेख आहे ती चक्र नळीच्या अगदी समोर, केसभरही इकडेतिकडे न होता, थांबण्यात.

तर हे स्नेही, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बागायतदार आहेत. त्यांच्या वडिलांनी घेतलेले .३२ बोअरचे विलायती वेब्ली वारशाने आणि रीतसर परवान्याने त्यांच्याकडे आले. त्यांच्या चिरंजीवांचे मत, आता हे जुने धूड विकावे आणि भारीपैकी नवे घ्यावे. चिरंजीव एके काळी माझे विद्यार्थी. तेव्हा मला मध्यस्थ नेमण्यात आले. “सर, तुम्हीच सांगा बाबांना,” हे एकीकडून, आणि “मास्तर, याला दोन गोष्टी समजावा,” हे दुसरीकडून.

अण्णांनी कपाटातून चामडी म्यान काढले, काडतुसे नसल्याची दोनदा खात्री केली आणि रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवले. दसऱ्याला पूजा झालेली. मुठीच्या कडेला, चापाच्या खाचेत हळदकुंकू अजून तसेच होते. नळीवरची निळसर काळी झिलई एका बाजूला उडून तिथे तांबूस पुरळ उठले होते. पुरळ उठलेली बाजू म्यानाच्या शिवणीशी टेकत होती.

पुढे मुंबईतल्या एका परवानाधारक दुकानात वृद्ध मिस्त्रींनी ते पाहिले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “याला गोळ्यांनी नाही मारलं. याला चामड्यानं मारलं.” चामडे हवेतला ओलावा ओढून धरते, त्यात कमावताना वापरलेले क्षार असतात. त्यातून तारापूरचा खारा वारा! जिथे खिडकीच्या गजांना वर्षाआड रंग लावावा लागतो, तिथे पोलाद आठ महिने ओलसर चामड्यात गुंडाळून ठेवणे म्हणजे त्याला गंजाच्या हवाली करणेच. त्यावर ओले कुंकू आणि झेंडूचा रस. पूजेला माझा आक्षेप नाही. पण संध्याकाळी ते पुसून तेलाचा हात फिरवायला हवा, आणि तेलही बेताचेच. काडतुसाच्या बुडाशी तेल झिरपले तर आतली ठिणगीची टिकली निकामी होते आणि ऐन वेळी नुसता ‘खट्’ असा आवाज येतो. म्यान वापरायचे ते बाहेर नेतानाच. घरी कोरड्या कापडात.

आता किमतीकडे येतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास सरकारने खाजगी लोकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद केली. जी विलायती रिव्हॉल्व्हरे त्याआधी आली, तीच आजवर हातोहाती फिरत आहेत. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत मध्यम समजली जाणारी वस्तू आपल्याकडे लाखांच्या भावाने विकली जाते. हा भाव पोलादाचा नव्हे, दुर्मिळतेचा. तो देणाऱ्याने खुशाल द्यावा, पण आपण अधिक चांगले शस्त्र घेत आहोत अशा समजुतीत राहू नये.

दुसरा भाव मात्र खरा असतो, तो हाताच्या कामाचा. चिंचणी-तारापूरच्या वाचकांना हे सांगायला नको. दागिन्यांचे ठसे, ज्यांना सगळे ‘डाय’ म्हणतात, ते घडवणारे कारागीर या पट्ट्यात घरोघर आहेत. पोलादाच्या ठोकळ्याची किंमत ती किती! पैसे पडतात ते त्यावर वाकून बसलेल्या तासांचे. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९५५ साली ‘पायथन’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची कीर्ती नेमकी याच गोष्टीची. त्याचे आतले भाग कारागीर कानस फिरवून एकमेकांना जुळवीत. बार उडण्याच्या क्षणी चक्र असे घट्ट बसे की जणू तिजोरीचे दार. पण यातच त्याचे दुखणेही होते. चक्राला ढकलणारी पोलादी जीभ इतकी अचूक घासलेली, की ती थोडी झिजली तरी सारा ताळ बिघडे. साध्या, सैलसर घडणीच्या रिव्हॉल्व्हरला तेवढ्या झिजेचे काहीच वाटत नसे. भराभर चाप ओढीत सुटणाऱ्यांनी पायथन हटकून बिघडवले, आणि नीट बसवून देणारा कारागीर शोधत हिंडले. २००५ साली ते बंद पडले आणि २०२० मध्ये पुन्हा आले, ते आतले भाग कमी करून.

म्हणजे वस्तू जितकी उंची, तितकी ती हलगर्जीपणा कमी सोसते. हे मी चिरंजीवांना सांगितले, ते त्यांना रुचले नाही.

बिघाड करणाऱ्या सवयी बहुधा सिनेमातून येतात. नायक काडतुसे भरतो आणि मनगटाला झटका देऊन चक्र फटकन आत घेतो. प्रत्यक्षात ज्या लहानशा बाहूवर ते चक्र बाहेर झुलते, तो बाहू या झटक्यांनी वाकतो, आणि मग चक्र नळीसमोर सरळ उभे राहत नाही. गोळीच्या शिशाचा काठ नळीच्या तोंडाशी तासला जातो आणि त्याचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला ते घातक. आपल्याकडची जुनी वेब्ली आणि कानपूरची .३२ ही मध्ये मोडून उघडणारी, त्यामुळे हा दोष त्यांना लागत नसे. तिथे आपटून बंद केल्याने बिजागरी आणि कडी सैल होते. परंतु २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच कारखान्याने ‘प्रबळ’ आणले, ते बाजूला झुलणाऱ्या चक्राचे. तेव्हा सिनेमातला झटका आता आपल्या घरातही शक्य झाला आहे.

त्याहून वाईट घोटाळा काडतुसांचा. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ या दोन निराळ्या गोष्टी. पिस्तुलाचे आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत बसतेही, पण त्याचा दाब अधिक. सत्तर वर्षांच्या वेब्लीत ते घालणे म्हणजे स्वतःच्या हाताशी खेळ. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर शस्त्राचे नुकसान करण्याआधी माणसाचे करते. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीही, ठेवले आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाजवळची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली.

“पण सर, घेऊच नये का?” चिरंजीवांनी विचारले.

मी म्हटले, नेमबाजीच्या मैदानावर नियमाने जाणार असाल तर घ्या. मग चांगल्या घडणीचा चाप किती फरक करतो ते तुमच्या बोटालाच कळेल. वर्षात एकदा, दसऱ्याला बाहेर काढायचे असेल, तर लाखाचे आणि पन्नास हजारांचे यांत तुम्हाला फरक कळणार नाही, गंजाला तर नाहीच नाही. शिवाय घरात तुमची सात वर्षांची मुलगी आहे. आजवर किल्ली अण्णांच्या जानव्याला होती. उद्या ती कुठे राहणार, हे आधी ठरवा. यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “हेच मी चार महिने सांगतेय.”

जुने विलायती घेण्याचा मोह झालाच, तर मिस्त्रींनी दाखवलेली परीक्षा सांगतो. विक्रेत्याकडून ते रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी. चक्राला बोट हलकेच टेकवून घोडा सावकाश मागे ओढावा. घोडा पुरता मागे अडकण्यापूर्वीच खिट्टी खाचेत पडल्याचा आवाज यायला हवा. घोडा अडकला आणि चक्र अजून थोडे उरलेच आहे, असे झाले तर ते झिजलेले. सहाही खाचांवर हे करून पाहावे; एकीवर ठीक, दुसरीवर नाही, असेही होते. विक्रेता कुरकुर करील, करू द्यावी.

अण्णांच्या वेब्लीच्या सहाही खाचा बरोबर निघाल्या. मिस्त्रींनी गंज उतरवला, खड्डे मात्र राहिले. नवीन घेण्याचे बारगळले. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, म्हणजे ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. तो अर्ज पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे. म्यान वहिनींनी रिकामेच खुंटीला टांगले आहे.