मणीमाळेचे पाचशे रुपये

सर्व शिक्षा अभियानात सरकारी शाळेतल्या शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत. रक्कम लहानच, पण तेवढ्यात कार्डशीट, रंग, मणी, दोरा येई. शंभर मण्यांच्या माळेवर मुले दशक-एकक शिकत. काय आणायचे, ते वर्ग ओळखणारा शिक्षकच ठरवी.

2018 साली समग्र शिक्षा आली. आता अनुदान एकत्रित, शाळेच्या नावावर येते. त्यातूनच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छताही भागवायची. मणी मागे राहतात. मग बाई पदरमोड करतात.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. म्हणून आम्ही घरोघरच्या अम्मी-अब्बांना सांगतो : सभेला जा आणि विचारा, ‘बाई, यंदा वर्गात काय करायचंय? किती कमी पडतात?’