आधीं योजना, मग पाना

गतवर्षीं सहलीहून परततांना, पांचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत असतां, आमच्या शाळेच्या जुन्या व्हॅनच्या ब्रेकचें पेडल एकाएकीं खोल गेलें. चालक अनुभवी होता. त्यानें गाडी खालच्या गिअरमध्यें घेऊन, हातब्रेकच्या साहाय्यानें ती डोंगराच्या कडेस उभी केली. आंत सहा मुलें होतीं; कोणासहि इजा झाली नाहीं. परंतु अवघ्या तीन महिन्यांपूर्वीं त्याच गाडीच्या पुढील शॉक अब्सॉर्बरांवर आम्हीं पुष्कळ पैसा खर्चिला होता, ही गोष्ट माझ्या मनास फार लागली. पैसा खर्च झाला होता, विचार मात्र झाला नव्हता. आणि दुरुस्तीची यादी मीच केली होती. त्या चुकीपासून जें शिकलों, तें विद्यार्थिमित्रांपुढें मांडतों.

आमची गाडी मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ सालीं ‘मारुती व्हॅन’ ह्या नांवानें बाजारांत आली व २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. अर्थात् आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वयस्कच होय. तिचें इंजिन पुढील आसनांच्या खालीं असतें आणि चालकाच्या गुडघ्यांपुढें पत्र्याखेरीज फारसें कांहीं नसतें. अशा गाडीस वेळेवर थांबतां आलें पाहिजे, हें निराळें सांगणें नको.

ब्रेक लावितांच गाडीचा भार पुढें झुकतो. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढील चाकांसच करावें लागतें. चाक जमिनीस धरून राहावें म्हणून स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर. तें योग्य दिशेंत राहावें म्हणून लोअर आर्म, बॉल जॉइंट व टाय रॉड. आणि तें थांबावें म्हणून डिस्क, कॅलिपर व पॅड. शॉक अब्सॉर्बर निकामी झाला कीं चाक उसळतें, आणि उसळलेल्या चाकाचा ब्रेक कितीहि उत्तम असला तरी तो क्षण व्यर्थ जातो. तात्पर्य, हीं दोन कामें नसून एकाच कामाचीं दोन अंगें आहेत. आम्हीं एकच अंग पाहिलें, येथेंच चुकलों.

पाना हातीं घेण्यापूर्वीं परीक्षा करावी. प्रथम शॉक अब्सॉर्बर ज्या पत्र्यास वर जोडलेला असतो, तो पत्रा गंजला आहे काय तें पाहावें. तेथेंच पोकळपणा असेल तर पुढील सर्व खर्च वाळूवरचें घर ठरेल. नंतर गाडीचा पुढील कोपरा दाबून सोडावा. तो एकदोनदांहून अधिक डोलला, अथवा शॉक अब्सॉर्बरवर तेल ओघळलेलें दिसलें, तर त्याचें आयुष्य सरलें असें समजावें. मग चाक उचलून, वर व खालीं धरून हालवावें. खेळ जाणवल्यास दोष बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा असतो. दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरतांच खेळ नाहींसा झाला तर बेअरिंगचा संशय घ्यावा. डावीउजवीकडे हालवितांना जाणवणारा खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकाचा असतो. पॅडचा घासणारा थर सुमारें ३ मिलिमीटर राहिला कीं पॅड बदलावे. आंतील व बाहेरील पॅड विषम झिजले असतील तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असण्याचा संभव असतो. रबरी नळीस भेगा वा फुगवटा असल्यास ती नवीच घालावी.

आतां आमच्या घाटांतील प्रसंगाचें कारण ऐका. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ताज्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास उतरतो. लांब उतारावर ब्रेक तापले कीं असें ऑइल उकळून आंत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खोल जातें आणि चाकास जोर पोहोंचत नाहीं. सुमारें दोन वर्षांनीं बदलावयाचें तें ऑइल आम्हीं कित्येक वर्षें बदललेंच नव्हतें. शॉक अब्सॉर्बरांच्या मानानें तो खर्च नगण्य होता!

योजनेनें पैसाहि वांचतो. शॉक अब्सॉर्बर काढतांना चाक निघतें, ब्रेकची नळी व कॅलिपर हाताशीं येतात. त्याच वेळीं ब्रेकचें काम केलें तर मजुरी दोनदां पडत नाहीं. शॉक अब्सॉर्बर व पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे, नाहींतर गाडी एका अंगास ओढते. सर्व सुटे भाग, नवे नट व पिना आणून ठेवल्याविना गाडी उघडूं नये. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीं तेल सोडावें. नळी बदलल्यावर ब्रेकमधील हवा काढावी आणि शेवटीं चाकांचें अलाइनमेंट करावें. नवे टायर घालावयाचे असल्यास ह्या सर्वांनंतर, आधीं नव्हे.

पैसा अपुरा असेल तर क्रम असा ठेवावा : ज्याच्या बिघाडानें गाडी हाताबाहेर जाईल तें प्रथम, म्हणजे ब्रेकची नळी, पॅड, ऑइल, बॉल जॉइंट व टाय रॉड, त्यानंतर शॉक अब्सॉर्बर, केवळ खडखडणारे बुश त्यामागून, आणि रंगरंगोटी सर्वांच्या शेवटीं. तोंवर ती गाडी मुलांसह घाटांत नेऊं नये. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं स्टँड लावल्याविना कोणीहि जाऊं नये, आणि दाबलेली स्प्रिंग सोडविण्याचें काम कसबी मेस्त्रीवरच सोपवावें.

आतां आमच्या व्हॅनच्या कप्प्यांत एक वही असते. कोणता भाग केव्हां बदलला, ऑइल केव्हां घातलें, पुढील तपासणी केव्हां, हें तींत तारखेसह लिहिलेलें असतें. वही दोन आण्यांची म्हणण्याचे दिवस गेले, तरी ती आजहि ह्या गाडींतील सर्वांत स्वस्त वस्तु आहे. ती पूर्वींच ठेविली असती, तर त्या सायंकाळीं सहा मुलांचीं तोंडें भीतीनें पांढरीं झालेलीं मला पाहावीं लागलीं नसतीं.