पंपाच्या नियंत्रक-पाटीची दुरुस्ती

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर वसले आहे. भोवतालचा सारा मुलूख तलाव-बोड्यांचा व धानाचा. खरिपाचे धान पावसावर व तलावावर येते. परंतु उन्हाळी धान घेणाऱ्या अनेकांस विहिरीवरील अगर बोअरवरील पंपाचाच आधार असतो. धान निसवण्याच्या वेळी बांधीतील पाणी तुटले, तर दाणा भरत नाही व लोंब पोचट राहते. अशा ऐन वेळी पंप बंद पडणे म्हणजे हातचे पीक जाणे होय.

स्वयंचलित स्टार्टरच्या पेटीत अलीकडे एक छोटा संगणकच बसविलेला असतो. विजेचा दाब कमी झाला, एखादा फेज गेला किंवा विहिरीत पाणी उरले नाही, तर तो मोटार बंद करतो. त्याचे सारे काम एका हिरव्या पाटीवर चालते. कारागीर तिला पीसीबी म्हणतात. काचतंतू व राळेच्या या पाटीवर तांब्याचे बारीक पट्टे चिकटविलेले असतात. सर्वसाधारणपणे त्या तांब्याची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी, असते. पेच आवळताना पेचकस निसटला, तर एवढा पातळ पट्टा सहज तुटतो.

पट्टा तुटला की पाटी निकामी झाली असे समजून ती फेकून देण्यात येते. हा समज बरोबर नाही. पाट फुटला म्हणून कोणी तलाव बुजवीत नाही. फुटलेली जागा शोधून बांधून काढतो. तांब्याच्या पट्ट्यातून वीज तशीच वाहते, आणि तुटलेली जागाही तशीच सांधता येते.

मात्र इजा होताच पंप पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. तांब्याचा निघालेला कण दोन पट्ट्यांमध्ये अडकला असेल, तर एका क्षणात सबंध पाटी जळते. प्रथम मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत. तीन फेजच्या पेटीत ४१५ व्होल्टचा दाब असतो आणि स्वयंचलित स्टार्टर वीज येताच आपोआप पंप सुरू करतो, हे विसरू नये. वीज बंद केल्यावरही पाटीवरील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो. म्हणून थोडा वेळ थांबून मल्टिमीटरने दाब तपासावा व मगच पाटी हाताळावी. तारा काढण्यापूर्वी प्रत्येक तारेवर खूण करावी.

संच हमीच्या मुदतीत असेल, तर पेटी मुळीच उघडू नये. पुरवठादाराकडे तक्रार नोंदवावी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतील संचास ५ वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा आहे. शिवाय दिवसा सौर पट्ट्यांतून वीज येतच राहते, म्हणून सौर संचाच्या नियंत्रकास अनधिकृत हात लावणे जिवावर बेतू शकते.

मुदत संपलेल्या स्टार्टरची पाटी जाणत्या कारागिराने पुढीलप्रमाणे सांधावी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून, भिंगाखाली तुटलेली टोके शोधावीत व मल्टिमीटरने पट्टा खरोखर तुटला असल्याची खात्री करावी. दोन्ही टोकांवरील हिरवा लेप काही मिलिमीटर हलकेच खरवडून तांबे उघडे करावे. त्यावर फ्लक्स व किंचित डाख लावावा. मग तांब्याची बारीक तार दोन्ही टोकांवर आडवी ठेवून डाखावी. सोल्डरिंग आयर्न एका जागी दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये; अधिक उष्णतेने पट्टा पाटीपासून सुटतो. रिलेकडे जाणाऱ्या रुंद पट्ट्यास तितकीच जाड तार हवी. शेवटी सांधा व शेजारचे पट्टे तपासून, जागा स्वच्छ करून इन्सुलेटिंग वॉर्निश लावावे.

पाटी आरपार तडकली असेल, जळून काळी पडली असेल किंवा तिच्यात आतल्या थरांत पट्टे असतील, तर गावात दुरुस्तीचा प्रयत्न करू नये. तशी पाटी बदलणेच योग्य. कारागिराने काय पाहिले व काय बदलले, हे शेतकऱ्याने विचारून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी हंगामापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पंपाच्या हमीची मुदत व पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक पेटीच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवावा. तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेले परिसरातील तरुण हेरून ठेवावेत. निसवणीच्या दिवसांत कारागिराचा शोध घेत फिरण्यापेक्षा तो आधी माहीत असणे केव्हाही हिताचे. पेच आवळताना पेटीतील पाटीवर जाड पुठ्ठा धरण्याची सवय लागली, तर यापैकी बरीच इजा मुळातच टळेल.