मदत 'लागते' की 'मिळते'?

संधिवातावरचे पेपर वाचायला घेतलेत, तर 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' भेटणारच. जेम्स फ्राइज यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाची ही १९८०ची प्रश्नावली. कपडे घालणं, उठणं, पकड अशा ८ गटांत २० प्रश्न, गुण ० ते ३. जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. गंमत पुढे आहे. दुसऱ्याची मदत लागते म्हटलं, की त्या गटातला ० किंवा १ थेट २ होतो. आता आईच्या हातातली बरणी आपण प्रेमाने, खरं तर घाईने, काढून घेतो. ती मदत लागली की नुसती मिळाली? आकड्याला कळत नाही. प्रश्न बदलू नका, पण वहीत वेगळी नोंद ठेवा. आणि घरी आधी विचारा, "उघडून देऊ का?" सकाळी तर थांबाच, ऱ्हुमॅटॉइडमध्ये सांधे मोकळे व्हायला तासभरही लागतो.