हिंदी नाटकातली मराठी बैठक

आधुनिक हिंदी साहित्याचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८७४-७५ च्या सुमारास ‘प्रेमजोगिनी’ हे नाटक लिहायला घेतलं. ते पुरं झालं नाही, चारच प्रवेश हाती आले. त्यातला चौथा प्रवेश मराठी वाचकाने उघडावा आणि थक्क व्हावं. बुभुक्षित दीक्षितांच्या बैठकीत गप्प पंडित, रामभट्ट, गोपाळशास्त्री, चंबूभट्ट, माधवशास्त्री अशी मंडळी जमली आहेत. विडे चघळणं चाललं आहे, भांगेची तजवीज चालली आहे. तेवढ्यात महाश नावाचा कोतवाल चौकातून दीक्षितांना हाक मारतो. हा कोतवाल पोलिसातला नव्हे, ब्राह्मणभोजनाची आमंत्रणं सांगत फिरणारा. त्याची हाक आहे चक्क मराठीत! पुढचं बरंचसं बोलणंही मराठीतच. हिंदी वाचकाला कळेल की नाही, याची लेखकाला मुळीच चिंता नाही.

प्रवेशात कुठल्या घाटाचं नाव नाही. पण काशीतले दक्षिणी ब्राह्मण म्हटले की पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हाच पट्टा डोळ्यांसमोर येतो. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधवून घेण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यासाठी लागणारी जागा त्यांनी तिथल्या मल्लाहांकडून, म्हणजे नावाड्यांकडून आणि कोळ्यांकडून, विकत घेतली असं सांगतात. मग वाडे उठले, अन्नछत्रं आली, वेदपाठशाळा आल्या. ब्रह्माघाटावर आजही आंग्र्यांचा वाडा आहे आणि गणपतीही बसतो. भारतेंदूंचं घर चौखंभ्याला, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. गल्लीतून जाता-येता हे बोलणं त्यांच्या कानावर पडत असणार. नाहीतर इतकी सहज, हिंदीचा वास लागलेली काशीची मराठी कागदावर उतरली नसती.

आता खरा प्रश्न. अग्रवाल वैश्य घरातला एक हिंदी लेखक मराठी भटांना पुढ्यात बसवतो आणि त्यांना जेवणं, दक्षिणा, भांग यांतच गुंतलेले दाखवतो. एकाचं तर नावच ‘भुकेला’. हा एका समाजाने दुसऱ्या समाजाबद्दल बाळगलेला आकस म्हणायचा, की आकसाचं चित्रण म्हणायचं? कथा-नाटकांत एका गटाने दुसऱ्या गटाला कसं रंगवावं हा वाद आज जगभर तावातावाने चालतो. त्याचं एक फार सुंदर उत्तर या अपुऱ्या नाटकात आहे असं मला वाटतं.

ते चौथ्या प्रवेशात नाही, पहिल्यात आहे. नाटक सुरू होतं ते भारतेंदूंच्याच वल्लभ संप्रदायातल्या मंदिरात. देवळात भक्तीच्या नावाखाली चाललेल्या चहाड्या, लोचट नजरा, पैशाचा तोरा सगळा तिथे उघडा पडतो. बोलणारी माणसं त्यांच्याच पेठेतली, त्यांच्याच जातगोतातली. त्यातले काही जण बाबू रामचंद्र नावाच्या गृहस्थाविषयी वाईटसाईट बोलतात, आणि हे रामचंद्र म्हणजे स्वतः भारतेंदु, हे काशीत सगळ्यांना कळण्यासारखं होतं. दुसऱ्या प्रवेशात काशीतल्या गैबी या ठिकाणचे दलाल, गंगापुत्र म्हणजे घाटावरचे पंडे, दुकानदार, आणि काशीला नावं ठेवणारा एक परगावचा माणूस. तिसऱ्यात मुगलसराय स्टेशनावर काशीची भरभरून स्तुती. मग चौथ्यात आपली मंडळी. आरंभीचे प्रवेश छापले गेले तेव्हा त्यांना नाव होतं ‘काशी के छायाचित्र’, आणि पुढे ‘दो भले बुरे फोटोग्राफ’ अशी जोड. कॅमेरा हिंदुस्थानात नवा होता तेव्हाची ही गोष्ट. लेखकाने त्याची काच आधी स्वतःच्या घराकडे वळवली आणि नंतर शेजाऱ्याच्या वाड्याकडे. शेजाऱ्याच्या वाड्यात गेल्यावर त्याला त्याच्या भाषेत बोलू दिलं. थट्टा तर आहेच, पण बुभुक्षित दीक्षितांच्या तोंडी मोडकी हिंदी घालून हशा मिळवण्याचा सोपा रस्ता भारतेंदूंनी घेतला नाही.

ही युक्ती त्यांनी नव्याने शोधली म्हणावी, तर त्याच्या तीनशे वर्षं आधी एका मराठी माणसाने ती वापरून ठेवली आहे, आणि त्या माणसाचंही काशीशी घट्ट नातं. एकनाथ महाराजांनी आपलं भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीत मणिकर्णिकेजवळ पूर्ण केलं. देशभाषेत भागवत लिहिलं म्हणून काशीचे पंडित खवळले आणि शेवटी त्यांनीच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा चरित्रकार सांगतात. विलक्षण योग असा की त्याच काळात काशीच्या विद्वानांत ज्यांचा शब्द चाले त्या नारायणभट्टांचं घराणंही मूळचं नाथांच्याच पैठणचं.

तर या नाथांचं एक भारूड आहे, ‘हिंदु-तुर्क संवाद’. त्यात तुर्क दखनी हिंदुस्थानीत बोलतो आणि हिंदू मराठीत. दोघे एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात. तुर्क पुराणातल्या देवांची लफडी काढतो, कृष्णाची चोरी काढतो, आणि ब्रह्मदेव स्वतःच्याच मुलीमागे लागला त्या कथेवरूनही टोमणा मारतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का? प्राण्यांच्या हत्येवरून त्याला धारेवर धरतो. हिंदूला मुसलमान करायचं तर देवाने त्याला मुळात हिंदू कशाला केला, असंही विचारतो. यात विशेष काय, तर तुर्काचे वार बोथट केलेले नाहीत. हिंदू श्रोत्यांपुढे गायच्या रचनेत हिंदूला झोंबेल असंच तुर्क बोलतो, आणि स्वतःच्या बोलीत बोलतो. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. ते आलिंगन पटतं, कारण त्याआधीचं भांडण खोटं नाही. आकस दाखवायचा तर तो पूर्ण जोराने दाखवावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी. नाथांना हे ठाऊक होतं.

अमेरिकेत मार्क ट्वेनने ‘हकलबरी फिन’च्या आरंभीच एक टीप घातली, की या पुस्तकात वेगवेगळ्या बोली वापरल्या आहेत. गुलामगिरीच्या मुलखात वाढलेल्या पोराचा आकस तिथे त्या पोराच्याच तोंडून येतो, लेखक मध्ये पडत नाही. ते पुस्तक ‘प्रेमजोगिनी’नंतर दहाएक वर्षांनी आलं. पुढे १८९६ साली ट्वेन हिंदुस्थानात आला तेव्हा काशीचे हेच घाट पाहून गेला.

भारतेंदूंकडे परत येतो, कारण त्यांनी याहून अवघड प्रयोग करून पाहिला. १८८० च्या सुमारास त्यांनी शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हिंदीत आणलं, ‘दुर्लभ बंधु’ या नावाने. व्हेनिसचं झालं वंशनगर. अँटोनिओचा झाला अनंत. पण शायलॉकचं काय करायचं? यहुद्यांबद्दलचा युरोपातला शेकडो वर्षांचा द्वेष काशीच्या प्रेक्षकाला कुठून कळणार? इथे तसा द्वेष नव्हता. मग भारतेंदूंनी शायलॉकला केलं शैलाक्ष, आणि शैलाक्ष हा जैन सावकार. दुसऱ्याच्या देशातला पूर्वग्रह आपल्या भाषेत आणायचा, तर आपल्या गल्लीत कोणता पूर्वग्रह दबा धरून बसला आहे तो आधी शोधावा लागतो. त्यांनी तो शोधून काढला. आणि हे काही जैनांशी वैर असलेल्या माणसाने केलेलं नाही. जैन मंदिरात गेले म्हणून लोकांनी नावं ठेवली तेव्हा त्यांना उत्तर म्हणून ‘जैन कुतूहल’ लिहिणारे हेच भारतेंदु. वंशनगरात जैनाचा तिरस्कार होतो तेव्हा तो काशीत त्यांनी स्वतः पाहिलेला तिरस्कार असतो.

इथवर त्यांचं कौतुक केलं, आता जे खटकतं तेही सांगायला हवं. १८८१ च्या ‘नीलदेवी’ या त्यांच्या नाटकात मुसलमान अमीर आणि त्याचे लोक सपाट काळ्या रंगात येतात. मुसलमान काही त्यांना परके नव्हते. ‘रसा’ या टोपणनावाने ते स्वतः उर्दू गझला लिहीत. मग बुभुक्षित दीक्षितांच्या वाट्याला आलेली माया त्या अमिराच्या वाट्याला का आली नाही? माझा तर्क असा, की दीक्षितांच्या बैठकीत कथानकाला कुणाला हरवायचं नाही. माणसं नुसती बसली आहेत, पानाला चुना लावताहेत, आज जेवण कुठे ते विचारताहेत. अमिराला मात्र शेवटी नीलदेवीच्या हातून मरायचं आहे. एखादा समाज कथेत नुसता शत्रू म्हणून लागला, की त्याचं घर, त्याची फालतू बडबड, त्याची भूक लिहायला जागाच उरत नाही. लेखक तोच, शहर तेच, मधे जेमतेम सहा-सात वर्षं.

आणि कल्पित कथेची ताकद केवढी, हे मराठी माणसाला नाटकांच्याही आधीपासून ठाऊक आहे. सह्याद्रिखंडात ब्राह्मण जातींच्या उत्पत्तीच्या कथा आहेत. कुणी चितेपासून झाले, कुणी जनावराच्या हाडांपासून. या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या पंक्ती मोडल्या, सोयरिकी अडवल्या. गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत हा ग्रंथ संपादून छापला, म्हणजे ‘प्रेमजोगिनी’च्याच काळात. या असल्या वादांचे निवाडे व्हायचे ते काशीच्या पंडितांकडे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे नारायणभट्टांच्याच घराण्यातले. त्यांनी १६६४ मध्ये शेणव्यांच्या, म्हणजे गौड सारस्वतांच्या, अधिकाराच्या वादावर एक ग्रंथच लिहिला. आणि आज ब्रह्माघाटावर गेलं तर काय दिसतं? गौड सारस्वतांचा काशी मठ, त्यांच्या एका मोठ्या गुरुपरंपरेचं मूळ पीठ. ज्यांच्या ब्राह्मण्यावर शंका घेतली गेली त्यांचा मठ आणि ज्यांनी निवाडे दिले त्या पंडितांच्या देशबांधवांचे वाडे, एकाच गंगाकाठी. एवढी सामग्री एका घाटापाशी असून त्यावर एक सणसणीत मराठी कादंबरी नसावी, याची मला हुरहुर लागते.

ती कुणी लिहीलच, तर भारतेंदूंकडून एक गोष्ट राहून गेली आहे ती त्याने पुरी करावी. चार प्रवेशांत मंदिर आलं, गैबी आली, रेल्वे स्टेशन आलं, आपली बैठक आली. मल्लाहांची बैठक आली नाही. घाटाची जागा ज्यांनी विकली, त्यांचे वंशज आजही त्या पायऱ्यांखाली नावा बांधतात. दक्षिणेतून आलेले हे भटजी, त्यांची सोवळी, त्यांची आमंत्रणं आणि त्यांचा तो चौकातून हाका मारणारा कोतवाल मल्लाहांच्या बायकापोरांना कसा दिसत होता, ते मला त्यांच्या काशिका बोलीत, कुणी न बोथटवलेलं, वाचायचं आहे.