आपल्याहून सरस सोबती

गाणें रचणाऱ्या आणि वाद्य वाजविणाऱ्या तरुणास सोबती हवा असतो, असें आपण सहज म्हणतों. पण तो कसा हवा असतो, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. आपल्या मैफलींत गायक मध्यें बसतो, तबलजी आणि पेटीवाला त्याच्या दोहों अंगांस. साथीदार उत्तम असावा, परंतु गायकास झांकून टाकील इतका पुढें येऊं नये, ही आपली जुनी रीत. तींत गैर कांहीं नाहीं. मात्र ज्यास एकट्याच्या बळावर गाणें पुरें करतां येत नाहीं, त्यानें आपल्या आज्ञेंत राहणारा सोबती शोधावा, कीं आपल्याहून अधिक जाणता? हा प्रश्न इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं १९५७ सालीं एका सोळा वर्षांच्या मुलापुढें उभा राहिला. त्याचें नांव जॉन लेनन. पुढें 'बीटल्स' या नांवानें जी चौकडी जगभर गाजली, तिचा हा मूळ पुरुष. त्यांचीं गाणीं कानांस गोड लागतात कीं नाहीं, हा वाद घरोघर झाला आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या मुलानें प्रश्नाचें उत्तर कसें दिलें तेवढेंच.

त्या वेळीं इंग्लंडांत 'स्किफल' नांवाच्या संगीताची लाट आली होती. लॉनी डॉनेगन या गायकाच्या गाण्यानें १९५६ सालीं ती उसळली. तिच्यांतील मौज अशी कीं, वाद्यांस पैसा फारसा लागत नसे. कपडे घासावयाची खांचांची फळी घ्यावी आणि बोटांत शिंप्याचीं अंगुस्तानें घालून ती खरखर वाजवावी. चहाच्या रिकाम्या खोक्यास झाडूचा दांडा लावून त्यावर दोरी ताणावी, कीं खर्जाचें वाद्य तयार! विकत घ्यावी लागे ती एक गिटार. गिटारीस सहा तारा असतात, आणि सतारीप्रमाणें पडदे. पण एकामागून एक स्वर काढण्यापेक्षां तीन-चार स्वर एकदम छेडून त्यांचा जुडगा उमटविणें हें तिचें मुख्य काम. या जुडग्यास 'कॉर्ड' म्हणतात. असे तीन-चार कॉर्ड हातांत बसले, कीं सोप्या गाण्यास साथ करतां येते.

जॉनचे वडील दर्यावर्दी. ते घरीं नसत. मुलगा वाढला मिमी नांवाच्या मावशीकडे. आई ज्यूलिया वेगळी, पण जवळपासच राही. तिला बँजो येत असे. तिनेंच मुलास पहिले कॉर्ड शिकविले. मावशीचें मत असें कीं, गिटारीवर पोट भरत नसतें. (आमच्या वाचकांच्या घरांतील कोणती मावशी याहून निराळें बोलली असती?) बँजोचीं बोटें गिटारीवर लावून या मुलानें शाळेंतील मित्रांची मंडळी उभारली. शाळा 'क्वारी बँक', म्हणून मंडळीचें नांव 'क्वारीमेन'. तींत गाणारा जॉन आणि ठरविणाराहि जॉन, बाकीचे हौसेपुरते.

६ जुलै १९५७, शनिवार. लिव्हरपूलच्या वूल्टन भागांतील सेंट पीटर चर्चची वार्षिक जत्रा होती. दुपारीं मैदानांत क्वारीमेनचें गाणें झालें. गाणें रेडिओवर ऐकलेलें. जॉनला त्याचे शब्द धड पाठ नव्हते. म्हणून तो ऐन वेळीं स्वतःचेच शब्द घालून गाऊं लागला. ऐकणाऱ्यांत पॉल मॅकार्टनी हा पंधरा वर्षांचा मुलगा होता; दोघांचा समाईक मित्र आयव्हन व्हॉन यानें त्यास आणलें होतें. शब्द चुकत आहेत हें पॉलनें ओळखलें, आणि ते बेमालूम जुळविले जात आहेत हेंहि ओळखलें.

संध्याकाळीं समोरच्या दिवाणखान्यांत गांठ पडली. पॉल डावरा, त्यानें मागून घेतलेली गिटार उलटी धरली आणि एडी कॉक्रनचें एक वेगवान गाणें पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत न अडखळतां म्हणून दाखविलें. शिवाय त्यास गिटार जुळवितां येत असे. क्वारीमेनची मंडळी तारा जुळविण्याकरितां ती दुसऱ्याकडे नेत असत! एकास शब्द निर्माण करतां येत होते, दुसऱ्यास स्वरांची जाण होती. हा दुसरा सरस आहे, हें जॉनच्या तत्काळ ध्यानांत आलें.

येथेंच खरी अडचण होती. आजपर्यंत आपण एकटे राजे. यास घेतलें तर राज्य वांटून द्यावें लागेल, न घेतलें तर मंडळी आहे तशीच कच्ची राहील. स्वतः बळकट रहावें, कीं मंडळी बळकट करावी, अशा शब्दांत पुढें जॉननेंच हा विचार सांगितला आहे. त्यानें मंडळी निवडली. एक-दोन आठवड्यांनीं त्याच्या मित्रानें सायकलीवरून चाललेल्या पॉलला गांठून बोलावणें कळविलें. चाळीस वर्षें वर्गावर घालविलेल्या आम्हांस इतकें ठाऊक आहे कीं, सोळाव्या वर्षीं वर्गाचा नायक आपल्या शेजारच्या बांकावर आपल्याहून हुशार मुलगा राजीखुषीनें बसवून घेत नाहीं.

पॉलचे वडील कापसाच्या व्यापारांत नोकर होते. मुंबईचा कापूस ज्या लिव्हरपूलच्या बाजारीं जात असे, तोच हा व्यापार. तरुणपणीं त्यांची स्वतःची वाद्यमंडळी होती, आणि घरांत पियानो होता. त्यांनीं मुलास तुतारीसारखें ट्रंपेट घेऊन दिलें. पण तें तोंडांत असतां गातां येत नाहीं, म्हणून मुलानें तें देऊन गिटार घेतली. त्याची आई ऑक्टोबर १९५६ मध्यें वारली होती. १५ जुलै १९५८ रोजीं जॉनची आई मोटारीखालीं सांपडून गेली. दोन पोरक्या मुलांची जोड त्या दुःखानें अधिक घट्ट झाली असेल, तर त्यांत नवल नाहीं.

वडील कामावर गेले कीं दोघे पॉलच्या घरीं जमत. शाळा चुकवून जमत. एका जुन्या मास्तरास हें लिहितांना बरें वाटत नाहीं, पण घडलें तें असें. समोरासमोर बसत. एक डावरा, एक उजवा, त्यामुळें एकमेकांचीं बोटें आरशांत पाहावीं तशीं दिसत. एकदां एका अपरिचित कॉर्डची माहिती असलेला कोणी शहराच्या दुसऱ्या टोंकास राहतो असें कळलें, तेव्हां ते बसनें तेथवर जाऊन तो शिकून आले. शाळेच्या वहींत शब्द आणि कॉर्डांचीं नांवें लिहीत. स्वरलिपि दोघांसहि येत नव्हती. जी चाल दुसऱ्या दिवशीं आठवणार नाहीं ती टाकण्याच्याच लायकीची, असा त्यांचा नियम होता. आमच्या पाठशाळेंतील शास्त्रीबुवांस हा नियम पसंत पडला असता.

सरस सोबती घेतला म्हणजे सगळें सुरळीत झालें असें मात्र नाहीं. ऑक्टोबर १९५७ मधील पहिल्याच कार्यक्रमांत पॉल एकट्यानें वाजवितांना फसला. तेव्हां तिसऱ्या वादकाची गरज भासली, आणि १९५८ सालीं पॉलनें आपल्या शाळेंतील जॉर्ज हॅरिसन यास आणलें. हा तर अवघा चौदा-पंधरा वर्षांचा. जॉनला तें पोरकटपणाचें वाटलें. पण मुलाचा हात त्या दोघांहून तयार होता, आणि पुन्हां एकदां जॉननें वयाकडे न पाहतां हाताकडे पाहिलें. रिंगो स्टार हा तालवाला १९६२ सालीं आला.

गाणें कोणींहि रचलेलें असो, त्यावर दोघांचीं नांवें घालावयाचीं, असा करार या मुलांनीं तोंडींच केला होता. त्या जोडनांवानें सुमारें १८० गाणीं आहेत. ही एकत्र कुटुंबाची कमाई; तीं तिजोरींत पडेपर्यंत कोणाची किती हें कोणी मोजीत नाहीं, आणि मोजूं लागला कीं भिंती उठतात. १९६५ सालचें 'यस्टर्डे' हें गाणें पॉलनें एकट्यानें रचलें, एकट्यानें गायिलें. नांव मात्र जॉनचें आधीं. २००२ सालीं पॉलनें एका ध्वनिमुद्रिकेवर अशा गाण्यांच्या नांवांचा क्रम उलटा छापविला, तेव्हां बरीच टीका झाली. आम्हांस दोन्ही पक्षांचें म्हणणें पटतें. पण पंधराव्या वर्षींचा करार साठाव्या वर्षीं सोडविणें शोभत नाहीं, असें आमचें मत.

१९७० सालीं मंडळी फुटली, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं पॉलनें न्यायालयांत अर्ज केला. दोघांनीं एकमेकांस टोमणे मारणारीं गाणींहि रचलीं. ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें जॉनचा खून झाला.

त्याच्या मागें घरीं पियानोवर म्हटलेल्या कांहीं अपुऱ्या गाण्यांच्या फिती राहिल्या. १९९४ सालीं त्याच्या पत्नीनें त्या पॉलच्या हवालीं केल्या. त्यांतील एक गाणें पियानोच्या आवाजांत जॉनचा आवाज बुडाल्यामुळें तसेंच पडून होतें. पुढें दोन आवाज वेगळे करणारें यंत्र निघालें, आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजीं 'नाउ अँड देन' या नांवानें तें बाहेर आलें. दिवंगत जॉर्जची १९९५ सालीं वाजविलेली गिटार त्यांत आहे, रिंगोचा ताल आहे, आणि एक्यायशी वर्षांच्या पॉलनें आपला आवाज जॉनच्या आवाजाशेजारीं ठेवला आहे.