हृदयाचं ठिगळ आणि मूळपेशींची आशा

आमच्या घनसावंगीत एखाद्या घरी 'अ‍ॅटॅक येऊन गेला' की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. जो तो एकेक उपाय सांगून जातो. अलीकडे त्यात 'स्टेम सेल', म्हणजे मूळपेशींच्या उपचाराची भर पडली आहे. "हृदय नव्यासारखं होतं म्हणे, खर्च तेवढा फार!" मग घरातली बाई हातातल्या पाटल्यांकडे बघू लागते. भगिनींनो, पाटल्या मोडण्याआधी थोडं समजून घेऊ या.

झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते. पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि अर्ध्या तासातच त्यातल्या पेशी मरू लागतात. बोट कापलं तर नवी कातडी येते; हृदयाचं तसं नाही. ऐन तारुण्यातही त्याच्या शंभर स्नायूपेशींमागे वर्षाला जेमतेम एक नवी होते. म्हणून मेलेल्या भागाच्या जागी दीड-दोन महिन्यांत घट्ट व्रण तयार होतो, फाटल्या गोधडीला ठिगळ लावावं तसा. ठिगळ भोक बुजवतं, पण धडधडत नाही. सगळा भार उरलेल्या स्नायूवर पडतो. काहींच्या हृदयाचा कप्पा हळूहळू सैल आणि मोठा होतो. मग चालताना धाप लागते, पाय सुजतात.

या ठिगळाच्या जागी जिवंत स्नायू उगवला तर? २००१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून हृदयाचा नवा स्नायू तयार झाला. जगभर आशा पालवली. पण २००४ मध्ये इतरांनी पडताळून पाहिलं, तेव्हा तसं काही आढळलं नाही. त्या संशोधनामागचे प्रमुख डॉ. पिएरो अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, असं २०१८ मध्ये खुद्द हार्वर्डनेच कळवलं. आपल्या देशातही २५० रुग्णांवर प्रयोग झाला. २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: उपचार सुरक्षित, पण हृदयाची ताकद वाढल्याचं ठामपणे दिसलं नाही.

म्हणजे आशा संपली का? नाही. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात २०२० साली, प्रयोगशाळेत मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयस्नायूचा पातळ पापुद्रा रुग्णाच्या हृदयावर बसवला गेला. शोध चालूच आहे. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे हृदयासाठी हा उपचार फक्त मान्यताप्राप्त प्रयोगातच करता येतो, आणि अशा प्रयोगात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर तिथेच सावध व्हा.

आपल्या हातात आहे ते वेळ वाचवणं. छातीत दडपण, घाम, जबडा-पाठ-हात दुखणं, मळमळ, अचानक धाप, यातलं काही झालं की आपण बायका "पित्त झालं असेल" म्हणून ओवा चावत बसतो. तसं करू नका. १०८ ला फोन करा. इथून जालना गाठायलाच वेळ जातो. गुठळी जितकी लवकर विरघळेल किंवा नळी उघडेल, तितकं ठिगळ लहान!

झटका येऊन गेलेल्या माणसाच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. कप्पा सैल होऊ नये म्हणूनच त्यातल्या काही असतात. मीठ आवरा, लोणचं-पापड सणापुरते ठेवा, डॉक्टरांना विचारून रोज चाला. तंबाखू आणि मिसरी घरातून हद्दपार करा. पाटल्या हातातच राहू द्या!